हनुमंताच्या गाडीचे थांबे

लग्नाची पत्रिका टपालाने पाठवायची नाही, हा खोडदच्या हनुमंताचा नियम होता. दारात जायचं, पायरीशी चपला काढायच्या, अर्धा कप चहा घ्यायचा आणि मग घरातल्या थोरल्या माणसाच्या हाती पत्रिका ठेवायची. एक घर चुकलं तर ते घर पिढीभर लक्षात ठेवतं, असं तो म्हणे. दोन वर्षांपूर्वी, २००७ साली, थोरल्या कल्याणीच्या लग्नात त्याने आठ दिवस एकट्याने गाडी फिरवली होती. जन्मभर ड्रायव्हरकी केलेला माणूस; नात्यागोत्याची यादी त्याच्या डोक्यात रस्त्यांच्या वळणांनीच मांडलेली होती. कागदावर तिची एक ओळही नव्हती.

आता धाकट्या प्रज्ञाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि अर्धांगवायूने हनुमंताची उजवी बाजू व वाचा दोन्ही नेली होती. हो म्हणायचं असलं की तो डाव्या हाताने समोरच्याचं बोट दाबी. नाही म्हणायचं असलं की हात सैल सोडी. पण कुणाकुणाकडे जायचं, हे त्या हाताला सांगता येत नव्हतं.

मुलगा रत्नदीप अबोल होता. चार माणसांत त्याचा आवाज घशातच विरे. पण कल्याणीच्या लग्नानंतर विकून टाकलेल्या गाडीत, लग्नाच्या तोंडावरच बसवलेलं, रस्ता दाखवणारं एक यंत्र होतं, हे त्यालाच आठवलं. बापाला त्याची गरज कधी पडली नाही. तरी ते चालू असे, आणि गाडी जिथे थांबेल ती जागा मुकाट्याने टिपून ठेवी.

गाडी पेठच्या गोरखने घेतली होती.

"काय पावणं, गाडी परत न्यायला आला का काय?" गोरखने अंगणातूनच विचारलं.

"नाही. त्यातला जुना प्रवास हवाय फक्त. फोनवर घेतो, आणि मेहुण्यांच्या गाडीतल्या यंत्रात घालतो."

"गेलेला प्रवास परत नेणारा तूच पयला बघितला, राव!" गोरख हसला. "ने की. पर नेल्यावर हितलं समदं पुसून टाक. माझ्याबी चकरा हायत त्यात, अन् आमच्या घरात लई चौकशा हुत्यात."

रत्नदीपला नाही म्हणणं जमलं नाही. फोनवर सगळे थांबे उतरले आहेत, एवढी खात्री करून त्याने पुसून टाकलं.

जुन्नरच्या एसटी स्टँडाबाहेर मेहुण्यांची गाडी उभी करून त्याने फोन नव्या यंत्राला जोडला. एकेक थांबा नकाशावर उमटू लागला, एकसष्ट झाले. मग त्याच्या ध्यानात आलं, की प्रत्येकापुढे आजचीच तारीख होती. जुन्या यंत्रातून फोनवर उतरतानाच जागा तेवढ्या आल्या होत्या, दिवस वाटेतच गळले होते; आणि मूळ नोंद तर त्याने स्वतःच पुसली होती. बापाचे आठ दिवस आणि गोरखची दोन वर्षं एकाच दुपारी घडल्यासारखी शेजारी शेजारी पडली होती. माणूस गेल्या काळाकडे पाहतो तेव्हा त्यालाही असंच दिसत असेल, रत्नदीपला वाटलं. कुठे थांबलो ते कळतं, केव्हा ते नाही.

त्याने गोरखला फोन लावला.

"आरं, मी कुठं कुठं थांबलो त्ये माझ्या ध्यानात ऱ्हायलं असतं, तर यंत्र कशाला पायजे व्हतं?"

मग त्याने स्वतःच निवड केली. मार्केट यार्ड, खताची दुकानं, ढाबे हे गोरखचे. जिथे घर दिसेल ते बापाचं. सहा दिवसांत चौतीस उंबरे झाले. दारात उभं राहून "मी हनुमंतांचा मुलगा" म्हणताना रोज त्याचा आवाज थोडा मोकळा होत गेला. पेठच्या अलीकडे एका वळणावरही थांबा होता. तिथे घर नव्हतं, नुसता रस्ता. तो त्याने गोरखच्या पदरात टाकला.

सातव्या संध्याकाळी बापाच्या उशाशी बसून त्याने घरं म्हणून दाखवली. प्रत्येक नावाला बोट दाबलं जाई. चौतिसावं नाव संपलं, तरी हनुमंताने बोट सोडलं नाही.

"कुणीतरी ऱ्हायलंय," आई चिमाबाई चुलीपासून म्हणाली.

रत्नदीपने वगळलेले थांबे एकेक वाचायला घेतले. हात सैलच. "पेठच्या अलीकडचं वळण," तो म्हणाला, आणि बोट असं आवळलं गेलं की नख रुतलं.

चिमाबाईची भाकरी तव्यावर तशीच राहिली. "त्या वळणाच्या वरल्या अंगाला तुझं थोरलं चुलतं ऱ्हात्यात. सोमाजी. आजी गेली तवा ह्ये तुजं दादा गाडी घेऊन नागपूरला व्हतं. भावानं वाट बघितली न्हाय, माती उरकून घेतली. पंधरा वर्सं झाली, दोघं बोलत न्हायती." तिने भाकरी उलटली. "कल्याणीच्या टायमाला मला म्हणलं व्हतं, पत्रिका दिली म्हणून."

दिली नव्हती. गाडी वळणापर्यंत गेली होती आणि तिथून परतली होती. सगळ्यांना नियम सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या भावाचा उंबरा चुकवला होता, आणि दोन वर्षं ते एकट्याने सोसलं होतं.

"दादा, मी जाऊ?"

बोट दाबलं गेलं.

सकाळी वळणावर पोचताच यंत्राने मुक्काम आल्याचं सांगितलं आणि ते गप्प झालं. पुढची वाट त्याला ठाऊक नव्हती. रत्नदीप गाडी लावून चढण चढला. ओसरीवर एक म्हातारा शेंगा सोलत बसला होता. कपाळ थेट बापाचं.

"नाना, मी रत्नदीप. हनुमंतांचा. प्रज्ञाचं लग्न आहे." त्याने चपला काढल्या.

सोमाजीने पत्रिका घेतली नाही. "मागल्या लग्नाच्या वक्ताला तुज्या बापाची गाडी खाली उभी व्हती. तासभर. मी हितनं बगत व्हतो. म्हणलं, येतोय का न्हाय बघू."

"तुम्ही खाली का नाही आलात?" हा प्रश्न आपल्या तोंडून गेला यावर रत्नदीपचाच विश्वास बसला नाही.

म्हाताऱ्याने हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले. "त्यो पाव्हणा, मी घरधनी. म्हणलं, त्यानं यावं." मग हात झटकून त्याने पत्रिका घेतली, उलटी-सुलटी पाहिली. "अन् आता पोराला धाडलं व्हय? सोता काय झालंय त्याला?"

"त्यांना बोलता येत नाही, नाना. वाचा गेलीय."

सोमाजी उठला. खुंटीवरची टोपी काढून त्याने डोक्यावर ठेवली आणि पायात वहाणा सरकवल्या.

"मला येतंय की," तो म्हणाला, आणि रत्नदीपच्या आधी उताराला लागला.