घुमटबाबांचा खरा आवाज

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या मुद्दाम काढून टाकलेल्या, म्हणून झाडून सगळी माणसं उभी. हात वर, डोळे मिटलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. "जोरात श्वास घ्या! अजून जोरात!" सेवक ओरडत होते. अर्धा तास हेच. मग दिवे मंदावले, व्यासपीठावर एकच झोत पडला आणि घुमटबाबा आले.

आले आणि गप्प उभे राहिले. इतके गप्प, की मागं कुणाच्या तरी किल्ल्या वाजल्या त्या साऱ्या सभागृहाला ऐकू गेल्या. मग माईकला ओठ टेकवून ते कुजबुजले, "बाळांनो... मी... आलोय."

आवाज घुमला, हे कबूल. जमीन हुंकारल्यासारखी वाटली.

"बोटांत मुंग्या येताहेत ना? तो मी नव्हे, बाळांनो. ती शक्ती!" आणि एकदम हात पुढं फेकून गर्जना, "घे!"

पुढच्या रांगेतली दोघं धाडकन आडवी झाली. बायका हमसून रडू लागल्या. त्यांत माझी बायकोही होती.

तिला फिट येतात. गोळ्या नियमित होत्या तोवर वर्षानुवर्षं एकही आली नव्हती. मग बाबांच्या आवाजानं आजार झडला म्हणून तिनं गोळ्या बेसिनमध्ये ओतून दिल्या, आणि काही दिवसांतच जिन्यात कोसळली. कपाळाला टाके पडले. बाबांचं उत्तर तयार होतं: "आजार जाताना दार आपटून गेला, माय." मी तिच्याशी भांडलो, तिच्या हातापाया पडलो. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मेहुणीला बोलावून घेतलं. ती कॉलेजात वक्तृत्व शिकवते.

ती माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभी होती.

"भावजी, हा गडी चांगला शिकलेला आहे हो."

"काय शिकलाय?"

"माझाच विषय!"

तेवढ्यात सेवकानं पुकारा केला, "ज्यांना प्रचिती आली त्यांनी वर येऊन सांगावं!" मी काही म्हणायच्या आत मेहुणी पायऱ्या चढली होती.

तिनं माईक घेतला, पण बोलली नाही. एकेका चेहऱ्यावरून सावकाश नजर फिरवली. सभागृह श्वास रोखून थांबलं. मग ओठ माईकला टेकवून, खालच्या आवाजात ती म्हणाली,

"मला... आज सकाळी... काही शब्द मिळाले. कोमट पाण्यात... बुडवा."

कुणीतरी हुंदका दिला.

"जोरानं... पिळू नका." तिचा तळवा हवेत हळूच उघडला. "उन्हात टाकू नका. सावलीत... सावलीतच... वाळू द्या."

"अहाहा, काय वाणी!" माझ्यामागचे आजोबा डोळे पुसत म्हणाले. खुद्द बाबांनी हात जोडले.

आणि मग मेहुणी हात फेकून, सगळा दम लावून गरजली, "गडद रंग वेगळे ठेवा!"

एक जाडजूड गृहस्थ आडवे झाले.

मेहुणीनं माईक तोंडापासून लांब धरला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "ही माझ्या स्वेटरच्या पट्टीवर छापलेली धुण्याची सूचना होती."

एक मुलगी फिसकन हसली, आणि तिच्याबरोबर तो अख्खा कोपरा. पडलेल्या गृहस्थांनी एक डोळा उघडला.

"नास्तिक आहे ही! बंद करा हिचा माईक!" बाबा कडाडले. घाबरलेल्या सेवकानं सगळी यंत्रणाच बंद केली. बाबांचं तोंड मात्र चालूच होतं, आणि त्यातून एक चिरका, नाकातला आवाज बाहेर पडला, "धरा तिला! धरा!"

"अगं बाई, हे कोण बोलतंय?" पुढच्या आजींनी विचारलं.

मेहुणी दोन्ही पाय रोवून उभी राहिली. खांदे सैल, मान ताठ. पोटातून निघालेला तिचा आवाज माईकशिवाय शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला.

"याला सिद्धी लागत नाही, सराव लागतो! ओठ माईकला टेकवले की आवाज जाड होतो. भराभर श्वास घेतला की बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. त्यात ताटकळत उभं ठेवलं की माणसं चक्कर येऊन पडतात. थांबणं, कुजबुजणं, मधेच हात फेकणं, हे मी पोरांना वर्गात शिकवते. आता सगळे खाली बसा. सावकाश श्वास घ्या."

कुरकुरत का होईना, बरेच जण बसले.

"मुंग्या गेल्या?"

"गेल्या!"

"मग शक्ती माझ्या सांगण्यावरून निघून गेली की काय?"

एका सेवकानं तिचा दंड धरला. "बाई, खाली उतरा."

"हात काढा," ती शांतपणे म्हणाली. "प्रश्नाला उत्तर असेल तर द्या. नसेल तर माझा हात धरून ते सापडणार नाही."

त्यानं हात काढला. कुणी तिला शिव्या दिल्या, कुणी पाण्याची बाटली फेकून मारली. अनेक जण उठून बाहेर पडले. तरीही बाबांभोवती कडं करणारे काही कमी नव्हते.

बायको घरी स्वयंपाकघरात बसल्यावर बहिणीला म्हणाली, "चारचौघांत मला वेडी ठरवलंस."

"तुला नाही, ताई."

"मग मला जे वाटलं, ते सगळं खोटं?"

"नाही गं. रडू खरं, मुंग्या खऱ्या. त्यांनी सांगितलेलं कारण खोटं."

बायको खूप वेळ रडली. कुणी दिवे मंद केले नव्हते, कुणी हात वर करायला सांगितले नव्हते. मग तिनं तोंड धुतलं, चप्पल घातली आणि मला म्हणाली, "चला दवाखान्यात. डॉक्टर ओरडले तर ओरडू देत." डॉक्टर ओरडले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

घुमटबाबा आता दुसऱ्या शहरात आहेत आणि तिथंही सभागृह भरतं, असं ऐकतो. म्हणून हे लिहिलं. आवाज गोड असेल तर जरूर ऐका, आवडला तर टाळ्या वाजवा. पण वक्ता कितीही दमदार असो, त्याच्या दमानं रोग बरा होत नाही आणि खोटं खरं होत नाही. तो औषध सोडायला सांगेल तेव्हा उभे राहा आणि विचारा, "पुरावा कुठंय?" तुमचा आवाज कापरा झाला तरी चालेल. विचारा.