बॉनेट उघडं असताना

दिवा पेटलेला. किलोमीटर १,१२,४०७.

तोंडवली. अंगणात सुरूच्या झाडाच्या सावलीला पिकअप उभी. सकाळचे दहा. संचिता ड्रायव्हरच्या सीटवर, चावी फिरवून, इंजिनाच्या चित्राच्या त्या पिवळ्या दिव्याकडे बघत. चार वाजेपर्यंत ही गाडी देवगडला दत्तप्रसादच्या आंब्याच्या बागेत लागायला हवी. दिवा विझवून.

मागच्या मंगळवारी फोंडा घाटात, आंब्याच्या पेट्या भरलेल्या असताना, दिवा पेटला आणि गाडीचा दमच गेला. ताशी पंधरा. एका ट्रकवाल्याने पुढे जाता जाता विचारलं, ढकलायला उतरू का. माल कोल्हापूरच्या बाजारात पोचला तेव्हा लिलाव आटोपला होता. दत्तप्रसाद ओरडला नाही. एवढंच म्हणाला की आज चारपर्यंत धड गाडी आली तर हंगाम तुझा, नाहीतर आचऱ्याच्या टेम्पोवाल्याला सांगतो.

हंगाम म्हणजे दीड महिना. त्या दीड महिन्यासाठीच तिने ही वापरलेली गाडी

नको. आधी दिवा.

मालवणहून परशुराम मेकॅनिक आला. स्टिअरिंगखाली आपलं हातातलं यंत्र जोडलं, आलेला बिघाडाचा कोड वाचला. इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, तो म्हणाला.

“सेन्सर गेलो, वैनी. नवो घालूक व्हयो. कोल्हापूरसून तीन दिवसांनी येतलो.”

“गेलो म्हणजे खंय गेलो? माका दाखव.”

परशुराम हसला. यंत्र सांगतंय ना, म्हणाला. तिचं म्हणणं, यंत्र एवढंच सांगतंय की हवेचं माप चुकतंय. का चुकतंय ते सांगत नाही. तर मग हवा जिथून आत शिरते तिथून बघत जायचं.

दिवा पेटलेला. किलोमीटर तेच.

हवेचा फिल्टर काढला, झटकला. स्वच्छ. पाइप चाचपला. फाटलेला नाही, क्लिपा घट्ट. कोल्हापूरच्या जुन्या मालकाला फोन केला. त्याने पोराची शपथ घेऊन सांगितलं की चार वर्षांत हा दिवा चावी फिरवताना पेटायचा तेवढाच. तिने विश्वास ठेवला, कारण तिच्याकडेही पहिले आठ दिवस तो पेटला नव्हता. गाडी आणली. पूजा केली. आठ दिवस. दिवा.

पायरीवरून दाजी सांगत होते की हे काम यंत्राचं नाही. दाजी म्हणजे तिचे सासरे. अख्खी वाडी त्यांना दाजीच म्हणते, आणि वाडीत कुणाचीही गाडी आली की देवाला गाऱ्हाणं तेच घालतात; ते मागणं मागतात, बाकीचे “व्हय म्हाराजा” म्हणतात. संचिताच्या गाडीला त्यांनी बॉनेट उघडायला लावलं होतं, इंजिनालाही ऐकू जावं म्हणून. आता त्यांच्या मते त्या दिवशी काहीतरी राहून गेलं असणार. पुन्हा गाऱ्हाणं घालायला हवं. ते नारळ सोलायला गेलेसुद्धा.

मुंग्या.

बॉनेटच्या कडेवरून लाल मुंग्यांची रांग आत उतरत होती. संचिता थांबली. डिझेलच्या वासात मुंगीचं काय काम? तिने बोट रांगेबरोबर नेलं. बॅटरीवरून, पाइपाला वळसा घालून, सेन्सरच्या वायरच्या टोकाला. खटका दाबून तिने कनेक्टर ओढला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. सगळं चिकट. आणि खाचेत अडकलेला नारळाच्या शेंडीचा एक धागा.

बॉनेट उघडं. समोर लोखंडी पट्टी. त्या पट्टीवर, “व्हय म्हाराजा”च्या गजरात, दाजींनी

परशुरामालाही कळलं. त्याने तोंड उघडलं. संचिताने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा त्याने मिटलं.

त्याने आपली पेटी उघडली. साफ करायचा स्प्रे, जुना टूथब्रश. पिना घासल्या. सेन्सरमधल्या बारीक तारेला हात न लावता तिच्यावर फवारा मारला. वाळू दिलं, जोडलं. परशुरामाने कोड पुसला. संचिता वळली तर दाजी सोललेला नारळ घेऊन उभे होते. मडगार्डवर तिने ठेवलेल्या त्या धाग्याकडे बघत. त्यावर अजून दोन मुंग्या होत्या.

दिवा विझलेला. पण कोड पुसल्यावर कोणाचाही विझतो.

शेजारच्या बांधकामावरचे पंचवीस जांभ्या दगडाचे चिरे, पेट्यांचं वजन म्हणून, मागे हौद्यात भरून तिने गाडी चढणीला घातली. दुसऱ्या गिअरला. तिसऱ्याला. परशुराम दिव्याकडे बघत होता, ती रस्त्याकडे. चढण संपली, तिने गाडी वळवून पुन्हा तीच चढण घेतली. आणि आणखी एकदा, कारण घाट एका चढणीचा नसतो.

किलोमीटर १,१२,४१९. दिवा नाही.

अंगणात परतून चिरे उतरवले, बॉनेट उघडून कनेक्टर पुन्हा बघितला, तेव्हा अडीच वाजत होते. दाजींनी पुढच्या चाकासमोर एक दगड मांडून ठेवला होता.

“बॉनेट बंद कर गो,” ते म्हणाले.

तिने ते बंद केलं. वरून दाबून बघितलं. मग हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, सुनेन गाडी घेतल्यान हा, तिका घाटार बळ दी.”

“व्हय म्हाराजा,” परशुराम म्हणाला.

“दिलेल्या वेळेर माल पोचव.”

“व्हय म्हाराजा.”

दाजींनी नारळ हातात फिरवला.

“आणि माझ्या हातसून नारळाचा पाणी नको थंय पडला, ती चूक पदरात घे. हेच्यापुढे नारळ भुयेर फुटतलो.”

परशुराम संचिताकडे बघायला लागला.

“व्हय म्हाराजा,” संचिता म्हणाली. मोठ्याने. बंद बॉनेटखालच्या इंजिनालाही ऐकू जाईल असं.

नारळ दगडावर फुटला. पाणी वाळूत गेलं. ती गाडीत बसली तेव्हा दाजींनी त्या नारळाची एक कवड खिडकीतून तिच्या हातात दिली. तिने ती डॅशबोर्डवर ठेवायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. कवड परशुरामाला दिली.

चावी फिरवली. पिवळा दिवा पेटला, एक, दोन, तीन, विझला.

पहिला गिअर. देवगड.