बाजूला काढलेली गोळी

संशय आला की माल आधी बाजूला काढायचा, चौकशी मागाहून. चाकणच्या कंपनीत तपासणी खात्यात राहून हा नियम धम्मरत्नच्या अंगात इतका मुरला होता की घरातही तो तसाच वागे. भाजीला जरा वास आला की पातेलं थेट बाहेर, मग बायकोला, मैत्रीला विचारणा. ती वैतागायची, पण ऐकतो कोण?

त्याचे वडील भिमाजी, म्हणजे अण्णा, यांच्या आतड्यातून डॉक्टरांनी एक गाठ काढून तपासायला पाठवली होती. रिपोर्ट यायचा होता आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यातच कंपनीच्या बसमध्ये मोबाइल चाळताना त्याला एक लेख दिसला. आतड्याचा कॅन्सर वाढायला सेरोटोनिन हातभार लावतं, असं काही संशोधकांना आढळलं होतं. धम्मरत्नच्या मनात पाल चुकचुकली. आई गेल्यापासून अण्णा उदासीवर जी गोळी घेत होते, ती सेरोटोनिन वाढवणारीच होती. आणि रोज सकाळी ती त्यांच्या तळहातावर ठेवणारा तो स्वतःच होता.

लेख पुरता वाचायच्या आधीच गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याने ब्लडप्रेशरची गोळी तेवढी दिली आणि उदासीवरची कपाटात टाकली. रिपोर्ट आला की डॉक्टरांना विचारू, असं त्याने ठरवलं. अण्णा क्षणभर तळहाताकडे बघत राहिले, मग पाणी प्यायले.

आठवडा सरायच्या आत अण्णांना चक्कर येऊ लागली. झोप उडाली, जेवण सुटलं. हा कॅन्सरच, असं धरून धम्मरत्नने हातपाय गाळले. त्यात अण्णा म्हणाले की आईच्या बांगड्या आता मैत्रीला देऊन टाक, आणि मला एकदा राजगुरुनगरच्या माझ्या बहिणीकडे नेऊन आण. ते ऐकून तो बाथरूममध्ये जाऊन रडला.

रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली. मग चक्कर कशाची, असं डॉक्टर नीलाताईंनी विचारलं, तेव्हा त्याला कबूल करावंच लागलं. त्या चांगल्याच तापल्या. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं, गोळी घ्या नाहीतर घेऊ नका. गाठीशी त्याचा संबंध काय, यावर संशोधन अजून चालू आहे, पण गोळीने कॅन्सर होतो असं त्यातून ठरत नाही. उलट ती एकदम तोडली की नेमका असाच त्रास होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, असं त्यांनी सुनावलं.

बाहेरच्या बाकावर अण्णा बसले होते. डोळे भरलेले. गाठ साधी निघाल्याचं सांगून धम्मरत्नने चुकलो म्हणून त्यांचा हात धरला.

"गोळी बंद झाली तवा मला वाटलं, रिपोर्ट तुला आधीच कळलाय," अण्णा म्हणाले. "आता हिचा काय उपेग न्हाई, म्हणून तू थांबवलीस."

"मग विचारलं का नाही, अण्णा?"

"तुला सांगायला जड जात आसंल. म्हणलं, पोराच्या तोंडून कशाला वदवून घ्यायचं?"