अडवून धरलेले संदेश

सुज्ञ वाचकहो, एका शीतगृहाच्या दारापायी दोन सख्ख्या भावांवर काय ओढवले, ते येथे यथामती निवेदन करीत आहे.

थोरला शीतगृहात माल रचत असे, आणि त्या दाराचा प्रोग्राम धाकट्याने लिहिला होता. दार आपोआप उघडते, अशी तक्रार आल्यामुळे धाकट्याने दार व सर्व्हर यांच्यामध्ये प्रॉक्सी नावाची चौकी बसवली. आता दाराचा प्रत्येक संदेश त्याच्या पडद्यावर थांबे, आणि त्याने सोडल्याविना पुढे जात नसे.

थोड्याच वेळात ‘दार उघडा’ असा संदेश आला. मग पुन्हा तोच, आणि पुन्हा तोच.

“सापडला चोर!” तो शेजारच्या सहकारिणीला म्हणाला. “बघ ताई, कसं तासभर एकच तुणतुणं लावलंय!”

“अरे बाबा, हे चाचणीचंच दार ना?”

“चाचणीला वेगळं दार देतंय कोण? हे शीतगृहाचं खरं दारच आहे.”

“मग दार उघडायचं आतल्या बाजूचं बटण कोण दाबतंय?”

धाकट्याने झटकन पडद्याकडे पाहिले. संदेश येणे एव्हाना थांबले होते. त्याने अडवलेले सारे संदेश सोडून दिले. ‘दार उघडले’ असे उत्तर तत्काळ आले. त्याने दादाला फोन लावला. घंटा नुसतीच वाजत राहिली.

आपण हे वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
तारवाला तात्या