नसेच्या मागावर

ऑपरेशन थिएटरचं दार उघडून डॉक्टर स्वतःच बाहेर आले, तशी रजनी बाकावरून उठली. आत तिची सासू होती, उरवडे गावच्या साळूबाई. जठरातली गाठ काढायला त्यांना सकाळीच आत नेलं होतं.

"गाठ निघाली," मास्क खाली ओढत डॉक्टर म्हणाले, "पण आजार छातीकडे जाणाऱ्या नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, कडेनं वर सरकलाय. जिथं कापलं तिथला नसेचा तुकडा लगेच तपासला, त्यातही कॅन्सर आहे. त्यांची पाठ दुखायची ना?"

रजनीनं मान हलवली. भात काढताना सासू बांधावर बसून राहायची आणि घरातले सगळे वात म्हणून तेल चोळायचे.

"नस नुसती वाट देत नाही, गाठीला वाढायला बळही देते. वरपर्यंतची नस काढायची तर छाती उघडावी लागेल. हृदय कमजोर आहे, काहीही होऊ शकतं. लवकर सांगा."

रजनीचा नवरा किशोर भिंतीला टेकला. "ऱ्हाऊ द्या. आय म्हणालीया, पोट फाडा, छातीला हात लावू नका."

ते खरंच होतं. रजनीनंच सासूला 'व्हय' म्हटलं होतं.

"आणि तसंच ठेवलं तर?" तिनं विचारलं.

"परत वाढेल. कधी, ते सांगता येणार नाही."

"बोला की वो!" ती नवऱ्यावर ओरडली.

"मला न्हाई जमायचं. आय गेली तर?"

"मग माझ्या माथी येऊ दे." रजनी डॉक्टरांकडे वळली. "करा. जिथवर गेलंय तिथवर जा."

दार बंद झालं. किशोर लांबच्या बाकावर जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून. कॉरिडॉरमध्ये चहावाला येऊन गेला. कुणी कप उचलला नाही. उन्हं कलली तेव्हा कुठं डॉक्टर परत आले. त्यापुढच्या तुकड्यातही आजार निघाला होता, त्याच्याही वरचा मात्र स्वच्छ होता. हृदयानं मधे एकदा घाबरवलं, पण तग धरला.

शुद्धीवर आल्यावर साळूबाईंचा हात बरगडीवरच्या पट्टीवर गेला.

"हितं फाडायला कुणी सांगितलं?"

किशोरनं फरशीकडे पाहिलं.

"मी," रजनी म्हणाली.

साळूबाईंनी तोंड फिरवलं. घरी आल्यावरही अबोला सुटला नाही. सुनेनं दिलेलं ताट त्या परत सारायच्या, मुलानं भरवलं तर दोन घास खायच्या. मग एका दुपारी, किशोर कंपनीत असताना, त्यांनीच रिकामी वाटी पुढं केली.

"पेज आण. पातळ. आन् बोलू नगंस माझ्याशी."

रजनीनं वाटी घेतली. चुलीपाशी जाऊन तिनं पेजेसाठी तांदूळ धुतले आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त ओतलं.