झाकणावरची तोफ

रणगाडा गिरीराजने आणला आणि जोडला मी. आमच्या घरात बरीच कामं अशीच होतात, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

खोका आला त्या दिवशी नवरोबा भलतेच खुशीत होते. "अप्पांचाच रणगाडा आहे, भव्या. टी-बहात्तर! जोडून खंडेनवमीच्या पूजेत ठेवू आणि तिथेच अप्पांच्या हातात देऊ. दोन रविवारांचं काम." खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना लटकलेले शेकडो भाग, काही तर तिळाएवढे. पहिल्या रविवारी त्याने एक चाक कापून काढलं. ते सोफ्याखाली गेलं आणि शोधता शोधता त्याची कंबर धरली. दुसऱ्या रविवारी ऑफिसचं काम निघालं. मग खोका माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "तुझा हात बसलाय अशा कामाला. तू दातवाली."

दातवाली म्हणजे मी डेंटल लॅबमध्ये होते, इंदिरानगरला. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून दाताच्या कॅपा आणि कवळ्या बनवायच्या. तोंडात हलणारी कॅप म्हणजे बनवणाऱ्याची नाचक्की, असं आमच्या शिवलीला मॅडम म्हणायच्या. ते माझ्या अंगात इतकं मुरलंय की डुगडुगणारं स्टूलसुद्धा मला बघवत नाही, लगेच पायाखाली कागदाची घडी सारते.

मग दोन वर्षांपूर्वी मामंजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं जड झालं. मी मॅडमना म्हटलं, स्वल्प दिवस सुट्टी द्या. ते स्वल्प दिवस अजून संपलेले नाहीत.

मामंजी म्हणजे माझे सासरे, गिरीराजचे अप्पा, सयाजीराव. फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर होते, दफेदार म्हणून रिटायर झाले. माणूस खाष्ट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ते मला कधी टाकून बोलले नाहीत की त्यांनी आवाज चढवला नाही. उशाशी देवघरातली छोटी घंटी ठेवलेली असायची. काही हवं असेल तर ते ती एकदाच वाजवायचे, तीही अगदी हळू, आणि मग वाट बघत पडून राहायचे. सुरुवातीला मला वाटायचं, किती समजूतदार माणूस! नंतर कळलं की हळू वाजणाऱ्या घंटीसाठी आपले कान सतत तिकडेच ठेवावे लागतात. आंघोळीला गेले तरी नळ बारीक सोडायचा. भाजीला जायचं ते खालच्या गाडीपर्यंतच. जे. पी. नगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीच्या जाळीतून मी समोरच्या रस्त्यावरच्या रिक्षा बघायचे आणि कोण कुठे चाललं असेल याचा अंदाज करत बसायचे.

मदतीला माणूस नव्हता असं नाही. नागनाथ होता. भालकीकडचा, पन्नाशीचा, रुग्णांची सेवा करण्यात मुरलेला, मराठी आणि कन्नड दोन्ही सारखंच बोलणारा. सकाळी यायचा आणि संध्याकाळी जायचा. पण मामंजी त्याला फक्त पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवू द्यायचे. दाढी, अंग पुसणं, भरवणं यासाठी त्याने हात पुढे केला की तोंड फिरवून घ्यायचे. सकाळची आंघोळ गिरीराज घालायचा आणि हेब्बाळच्या ऑफिसला पळायचा, तो दिवेलागणीनंतरच परत. मधला सगळा दिवस माझा. नागनाथ बिचारा बाल्कनीत पेपर वाचत बसायचा आणि मला बघून ओशाळायचा.

नवरात्राच्या तोंडावर मॅडमचा फोन आला. "दसरा झाला की सोमवारी ये, भव्या. नाहीतर मी दुसरी घेते. राग मानू नकोस, किती दिवस खुर्ची रिकामी ठेवू?"

मी गिरीराजला सांगितलं. तो म्हणाला, "दसरा होऊ दे, मग बघू." गेल्या वर्षी हेच 'दिवाळी होऊ दे' होतं. नागनाथबद्दल अप्पांशी बोल म्हटलं तर म्हणाला, "मी कसं बोलू? त्यांना लागेल." लागेल हे खरंच होतं. मलाही म्हणूनच बोलवत नव्हतं.

तर अशा दिवसांत मी रणगाडा जोडत होते. दुपारी मामंजींचा डोळा लागला की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, ड्रॉवरमधून माझी लॅबची हत्यारं काढायची आणि बसायचं. मेण कोरायची सुरी, बारक्या कानशी, चिमटा. दोन वर्षांनी ती हातात घेतली तेव्हा बोटं आपोआप जागेवर गेली. एकेक भाग कापायचा, टोक घासून गुळगुळीत करायचं, गोंदाचा थेंब लावून श्वास रोखून धरायचं. मला फार बरं वाटायचं आणि त्याचाच राग यायचा. नोकरी गेली ती गेली, तिचे हात तेवढे नवऱ्याच्या खेळण्यासाठी चालले!

ड्रायव्हरची एक इवलीशी आकृती होती. झाकण बंद ठेवलं तर तो बसवला नाही तरी चालेल, असं सोबतच्या चित्रात दाखवलं होतं. पण मी त्याला रंगवला. हेल्मेट, चेहरा, हातसुद्धा. कॅपची आतली बाजू तरी कोण बघतं, पण आम्ही ती घासतोच. त्याला आत बसवलं, वरून झाकण चिकटवलं आणि मलाच एकदम घुसमटल्यासारखं झालं. तेवढ्यात घंटी वाजली, म्हणून उठले.

राहिला वरचा घुमट, ज्याला तोफ असते तो. तो नुसता भोकावर ठेवायचा होता. ठेवून बघितला तर डुगडुगत होता, बोट लावलं की फिरत होता. मला ते सहन होईना. मी कडेने गोंद फिरवला आणि तोफ नाकासमोर सरळ धरून पक्की करून टाकली. मग बोटाने ढकलून बघितलं, जरासुद्धा हलत नव्हती. मॅडम खूश झाल्या असत्या.

खंडेनवमीला मामंजींची धाकटी बहीण, सोयराबाई आत्या, सकाळीच आल्या. हॉलमध्ये पाट मांडला, त्यावर घरातली जुनी तलवार ठेवली, शेजारी गिरीराजचा लॅपटॉप आणि मिक्सर. खाली गाडीला केळीचे खांब बांधून चाकांखाली लिंबं ठेवून झाली होती. आत्यांनी आत जाऊन माझा कुकर आणला आणि पाटावर ठेवून कुंकू लावलं. "हे आमच्या भव्याचं आयुध. अशी सून शोधून मिळायची नाही हो. ही आहे म्हणून माझा अण्णा आहे."

मी हसले. दोन वर्षं हे वाक्य ऐकून मी हसतेय. माझी सुरी आणि कानशी ड्रॉवरमध्येच होत्या.

नागनाथने मामंजींना खुर्चीत बसवून आणलं. गिरीराजने रणगाड्यावरचा रुमाल बाजूला केला आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. मामंजींनी डावा हात चाकांवरून फिरवला, पाठीमागचे डबे चाचपले. डोळे भरून आले. गिरीराज मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढायला लागला.

मग त्यांनी बोटाने तोफ ढकलली. ती हलली नाही. त्यांनी जोर लावला.

"आत कोण आहे?" त्यांनी विचारलं. त्यांचं बोलणं एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं असतं.

"ड्रायव्हर आहे, मामंजी. बसवलाय मी, रंगवलाय पण."

"झाकण बंद?"

"हो."

"मग तोफ फिरव."

"फिरत नाही. हलू नये म्हणून मी चिकटवलीय."

त्यांचा चेहरा उतरला. आत्या म्हणाल्या, "खेळणं आहे रे अण्णा ते. किती सुंदर केलंय पोरीने!" पण मामंजी माझ्याकडेच बघत होते.

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, मध्ये लाळ पुसायला तोंड पुढे करत. ड्रायव्हर खाली एकटा असतो, वर दोघं. त्याचं झाकण बरोबर तोफेच्या खाली येतं. तोफ समोर झुकलेली असली की झाकण उघडत नाही. वरच्यांनी ती बाजूला घ्यायची, मगच खालचा बाहेर येणार. एकदा राजस्थानात सरावाच्या वेळी त्यांची गाडी वाळूत रुतून बंद पडली. वरचे दोघं उतरून चहाला गेले आणि तोफ तशीच झाकणावर राहिली. गाडीच्या पोटाला आणखी एक झाकण असतं, पण पोट वाळूत गाडलेलं. बाहेर मे महिन्याचं ऊन.

"मग ओरडला नाहीस का?" आत्यांनी विचारलं. त्यांनाही हे नवीन असावं.

"नाही. वाटलं, कळेल त्यांना. येतील." मामंजी थांबले. "त्यांना काय कळणार? ते बाहेर. त्यांना वाटलं, सयाजी आरामात बसलाय. दोन दिवस हॉस्पिटलात होतो." परत थांबले. "चूक माझी. ओरडायला पाहिजे होतं."

मी काय बोलणार हे मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

"मामंजी, मी आत आहे," मी म्हणाले, आणि आवाज नेहमीपेक्षा फार मोठा निघाला. "मला सोमवारपासून लॅबला जायचंय. रोज. तुम्ही नागनाथला हात लावू देत नाही, म्हणून मी दोन वर्षं या घरात कोंडली गेलेय. मी पण ओरडले नाही. मला पण वाटलं, कळेल कुणाला तरी."

"भव्या, आत्ता पूजेत कशाला?" गिरीराज पुटपुटला. मोबाईल अजून त्याच्या हातात तसाच होता.

"मग कधी? दिवाळी होऊ दे?"

आत्यांनी तोंडाला पदर लावला. नागनाथ दारात लिंबू घेऊन उभा होता, त्याने मान खाली घातली. मामंजींनी मांडीवरच्या रणगाड्याकडे बघितलं. मग एखाद्या लहान मुलाने तक्रार करावी तसं म्हणाले, "त्याचे हात गार असतात."

मला रडूच आलं. हात गार असतात एवढंच नव्हतं ते. परक्या माणसाने आपलं पडलेलं अंग उघडं करून बघायचं, याची लाज होती ती, आणि ती सांगायला त्यांच्याकडे तेवढे चारच शब्द होते. 'जाऊ दे मामंजी, मी आहे' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी एकदा बोलले असते तर जन्मभर बोलत राहिले असते.

"मग सांगा त्याला," मी म्हणाले. "ओरडून सांगा."

त्यांनी रणगाडा माझ्यापुढे धरला. "आधी ही तोफ सोडव."

मी ड्रॉवरमधून मेणाची सुरी आणली. घुमटाच्या कडेने पातं घातलं आणि दाबलं. कट् असा आवाज झाला, कितीतरी दुपारी खपून लावलेल्या रंगाचा टवका उडाला आणि प्लास्टिकवर पांढरा ओरखडा उमटला. घुमट सुटला. मामंजींनी डाव्या हाताने तोफ हळूहळू एका बाजूला नेली. मग झाकणावर नख आपटून दाखवलं. मी तेही उचकटलं. आतलं इवलंसं हेल्मेट दिसायला लागलं, तेव्हा कुठे त्यांनी अंगठ्याने रणगाड्याला कुंकू लावलं.

कुकर मी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. त्याच्या जागी सुरी ठेवली आणि तिला कुंकू लावलं.

मधले दिवस वाईट गेले. मामंजी माझ्याशी बोलेनात. घंटी मात्र वाजवायचे, पूर्वीसारखीच हळू. भरवताना घास घ्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. गिरीराज दोनदा म्हणाला, "एक महिना थांबलीस तर?" मी उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर थांबले असते.

सोमवारी मी साडी नेसले, हत्यारांची पिशवी घेतली. रणगाडा मामंजींच्या पलंगाशेजारच्या टेबलावर होता, तोफ बाजूला, झाकण उघडं. "येते मामंजी," म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. नागनाथ दाढीचं पाणी घेऊन आत गेला आणि मी बाहेर येऊन चप्पल घालायला लागले.

"गार आहेत!"

मी दचकले. दोन वर्षांत त्या खोलीतून असा आवाज आला नव्हता. "हात गार आहेत रे तुझे!"

माझा पाय सवयीने आतल्या बाजूला वळला. एका पायात चप्पल, एक पाय फरशीवर, अशी मी उभी राहिले.

"थांबा साहेब," नागनाथचा आवाज आला, "गरम पाण्यात बुडवतो." पाण्याची खळखळ झाली. "आता सरी? ठीक आहे का, बघा बरं."

मग मामंजी परत ओरडले, त्याहून मोठ्याने. नागनाथ तर त्यांच्या हाताच्या अंतरावर होता.

"सरी! आता सरी!"

मी दुसरी चप्पल घातली आणि बाहेरून दार ओढून घेतलं.