बी-ट्वेल्व कमी आहे

डॉक्टरांनी नवऱ्याच्या रिपोर्टवरच्या एका आकड्याभोवती पेनने गोल काढला, तशी मंदाकिनीबाईंनी पदराने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा काही बदलला नाही.

"लकवे की एक ही वजह नहीं होती, माताजी," डॉक्टर म्हणाले. "बीपी तो था ही. शुगर ठीक है, कोलेस्ट्रॉल भी चलेगा. लेकिन बी-ट्वेल्व बहुत ही कम है, और उसी से ये दूसरी चीज़ बढ़ी हुई है, होमोसिस्टीन. इससे खून में थक्का बनने का ख़तरा बढ़ सकता है. यही कारण है, ऐसा मैं नहीं कहूँगा. एक कारण हो सकता है."

"मग आता?"

"इंजेक्शन आज से शुरू. पर कम हुआ क्यों, ये देखना है. अंडा-मांस तो लेते नहीं. दूध-दही?"

"दूध तर रोज! रात को एक गिलास, मी स्वतः ठेवते ना," मंदाकिनीबाई ठामपणे म्हणाल्या.

डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "तो फिर पेट सोख नहीं रहा. मुँह से नली डालकर जाँच करवानी पड़ेगी."

समता कॉलनीतून शंकर नगरला परतताना रिक्षात त्यांच्या डोळ्यांपुढे ती नळीच होती. एक बाजू लुळी, जिभेवर शब्द येईना, आणि त्यात वर घशात नळी! नवरा कितीही तिरसट असला तरी असं त्याच्या वाट्याला येऊ नये.

आणि गंगाधरराव तिरसट होतेच. नवं राज्य झालं, मंत्रालय रायपुरात आलं, त्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, पूर्णिमाने, ऑफिसातल्या परजातीच्या मुलाशी लग्न केलं. "माझ्यासाठी मेली ती," एवढंच बोलून त्यांनी फाटकाला कडी घातली होती. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. मंदाकिनीबाई मात्र दर गुरुवारी शंकर नगरहून थेट गुढियारीला भाजी आणायला जात. भाजी तिथे स्वस्त मिळते, असं त्या सांगत. पूर्णिमाही तिथेच राहत होती. गंगाधरराव दवाखान्यात असताना तिने फोनवर दर वेळी एकच विचारलं होतं, "आई, येऊ का?" आणि मंदाकिनीबाईंनी दर वेळी एकच उत्तर दिलं होतं, "नको पोरी, तुले पाहून त्यांचं बीपी चढंल."

घरी आल्यावर त्यांनी दूध कोमट केलं. रिपोर्ट काहीही म्हणो, दोन घोट पोटात गेलेले बरे. त्यांनी चमचा गंगाधररावांच्या ओठांशी नेला.

गंगाधररावांनी ओठ मिटून घेतले.

"अहो, थोडंसं."

त्यांनी मान फिरवली. आजारी माणसाचा हट्ट म्हणून मंदाकिनीबाईंनी वाटी ठेवली आणि पेजेचा चमचा पुढे केला. तोंड उघडलं. पेज सरळ पोटात गेली. पुन्हा दूध नेलं तर ओठ पुन्हा घट्ट.

त्यांचा हात तसाच थांबला. चहा लाल, बिनदुधाचा हवा, कारण दुधाने गॅस होतो. दही नको, गुडघे धरतात. कढी नको, उगाच. किती वर्षं त्या हे ऐकत आल्या होत्या! रात्रीचा गिलास तेवढा सकाळी रिकामा असे, म्हणून त्या निर्धास्त. आणि मागच्या अंगणातलं ते मांजर असं कशाने फुगलं, असा विचारही त्यांनी कितीदा केला होता.

त्यांच्या सासरी एक रीत होती. घरातलं माणूस दूर असलं की त्याच्या आवडीची वस्तू सोडायची, आणि ते परतलं की त्याच्याच हातून घेऊन पुन्हा सुरू करायची. दीर फौजेत होते तेव्हा सासूबाईंनी गूळ सोडला होता. पण सोडायचं ते बायकांनी. पुरुषाने काही सोडलेलं त्या घराने पाहिलं नव्हतं, त्यामुळे तसं काही शोधायचं मंदाकिनीबाईंच्या मनातही कधी आलं नाही. आणि लहानपणी दुधावरच्या सायीसाठी बापाशी भांडणारी घरात एकच पोर होती.

"पोट्टीसाठी सोडलं?" त्यांनी विचारलं.

गंगाधरराव खिडकीकडे पाहत राहिले. मग हळूच, कळेल न कळेलशी मान हलली.

मंदाकिनीबाईंना आधी संतापच आला. "तोंडानं मेली म्हनता अन् पोटानं वाट पाहून राहिले? काहून नाही बोलले मले एकदा तरी?" आणि मग त्यांनाच रडू फुटलं. या माणसाला चोरून त्या लेकीच्या घरी पोटभर जेवून येत होत्या. लेकीसाठी काही सोडायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. उपाशी राहिला होता तो हा.

"गुढियारीले मी भाजीसाठी नव्हते जात," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तिच्याकडेच जात होते. चांगली आहे ती. बोलावू?"

डाव्या हाताने गंगाधररावांनी त्यांचं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती.

फोनवर त्या फक्त "ये" म्हणाल्या. पलीकडून फोन लगेच ठेवला गेला.

त्या परत आल्या तर गंगाधरराव स्वतःच्या गालावरून हात फिरवत होते. दवाखान्यापासूनचे पांढरे खुंट वाढले होते. त्यांनी गालाकडे बोट दाखवलं, मग कपाटावरच्या आरशाकडे.

"दाढी? आता?"

ते डोळे वटारून पाहू लागले. अगदी पहिल्यासारखे.

मंदाकिनीबाईंनी जन्मात कुणाची दाढी केली नव्हती. त्यांनी साबणाचा फेस केला, वाकड्या झालेल्या बाजूची कातडी बोटांनी ताणून धरली आणि श्वास रोखून वस्तरा फिरवू लागल्या. एक गाल होत आला तोच फाटकाची कडी वाजली. पायऱ्यांवर पावलं वाजली आणि दारापाशी थांबली.

वस्तरा ठेवून त्या उठू लागल्या. गंगाधररावांनी पदर धरून त्यांना खाली बसवलं आणि दुसरा गाल पुढे केला.

"थांब गं पोरी," मंदाकिनीबाईंनी आतूनच आवाज दिला. "तुझे बाबा तयार होऊन राहिले."

बाहेर कुणीतरी पायरीवर बसल्याचं तेवढं ऐकू आलं.